वऱ्हाडचा पाऊस आणि विद्यापीठांचे अभ्यासक

वाशीम जिल्ह्याच्या मंगरूळपीर तालुक्यांत आसेगांव म्हणून एक गांव आहे. राजेरजवाड्यांच्या इतिहासांत त्याला फारशी जागा मिळालेली नाहीं. ज्या वाशीमच्या मुलुखांत तें वसलें आहे तें वाशीम मात्र एके काळीं वत्सगुल्म या नांवानें वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होतें. पुढें काळ पालटला. इंग्रजी अमलांत वाशीम हा वऱ्हाडचा एक स्वतंत्र जिल्हा झाला. १९०५ सालीं तो मोडून मंगरूळ तालुका अकोला जिल्ह्यास जोडला गेला. आणि १ जुलै १९९८ रोजीं वाशीम पुनः जिल्ह्याचें ठिकाण झालें. कचेऱ्यांच्या या घालमेलींत आसेगांवच्या शेतकऱ्याचें एक दुखणें मात्र जेथल्या तेथें राहिलें. मृग लागला कीं तो आभाळाकडे पाहतो आणि त्याच्या मनांत तीन प्रश्न उभे राहतात. पेरावें केव्हां, पेरल्यावर पाऊस किती दिवस दडी मारील, आणि पीक बुडालेंच तर घर चालवावयाचें कशावर.

हे प्रश्न जितके जुने आहेत तितका त्यांचा शास्त्रीय अभ्यास जुना नाहीं. गेल्या सवाशें-दीडशें वर्षांत सरकारनें व संस्थांनीं विद्यापीठांत शिकलेल्या माणसांना या कामाला वेळोवेळीं बोलाविलें. त्यांना कोणी बोलाविलें, कशासाठीं बोलाविलें, आणि बोलावणाऱ्याला जें उत्तर हवें होतें तेंच शेतकऱ्याला हवें होतें काय, हें तपासून पाहण्याजोगें आहे.

प्रथम पावसाचाच हिशेब पाहावा. वाशीम जिल्ह्यांत वर्षाकांठीं साधारणतः ७५० ते ९५० मिलिमीटर, म्हणजे जुन्या मापानें तीस ते सदतीस इंच पाऊस पडतो. सोलापूरकडच्या माणसाला या आंकड्याचा हेवाच वाटेल. राज्याचे जे नऊ कृषि-हवामान विभाग पाडले आहेत त्यांत हा मुलूख निश्चित पावसाच्या विभागांत मोडतो. परंतु पिकाला वर्षाची सरासरी उपयोगाची नसते. त्याला त्या त्या दिवशींची ओल लागते. खडक झिजून झालेली येथील काळी जमीन जेथें खोल आहे तेथें ती पंधरा-वीस दिवसांची उघडीप सोसते. पण टेकाडावरच्या भरड वावरांत वीतभर मातीखालीं मुरूम लागतो, आणि तेथलें पीक आठ-दहा दिवसांतच माना टाकूं लागतें. एकाच गांवांत, एकाच पावसांत, एका धुऱ्याच्या अलीकडे सुकाळ आणि पलीकडे दुष्काळ असा देखावा वऱ्हाडांत नवा नाहीं. शिवाय जो पाऊस तीन महिने सावकाश पडावयाचा तो चार झडींत पडून गेला, तर नोंदवहींत सरासरी भरते आणि कोठींत दाणा येत नाहीं.

सरकारी अभ्यासाचा आरंभ मात्र सरासरीपासूनच झाला, आणि त्याला कारणही तसेंच होतें. हिंदुस्थानचें हवामान खातें १८७५ सालीं निघालें व हेन्री ब्लॅनफर्ड हा त्याचा पहिला मुख्य झाला. १८८० च्या दुष्काळ कमिशननें शेतकी खातीं उभारण्याचा आग्रह धरला, आणि त्यानंतर दुष्काळी कामांचे नियम तयार झाले. सरकारला आधीं कळावयास हवें होतें तें हें कीं, पुढील वर्षीं साऱ्याचा वसूल येईल काय आणि दुष्काळी कामें काढावीं लागतील काय. या प्रश्नाला मोठ्या प्रदेशाची एक संख्या पुरते. ती संख्या वर्तविण्याचा प्रयत्न ब्लॅनफर्डनें हिमालयांतील बर्फावरून केला, आणि त्याच्यामागून आलेल्या जॉन इलियटनें तो पुढें चालविला. १८९९ सालीं इलियटचा अंदाज चांगल्या पावसाचा होता. त्या वर्षीं पावसानें देशाच्या मोठ्या भागाला दगा दिला. वऱ्हाडही त्यांतून सुटलें नाहीं, आणि १८९९-१९०० चा दुष्काळ लोकांच्या स्मरणांत पिढ्यान्पिढ्या राहिला.

या अपयशानंतर जें घडलें तें विद्यापीठांतील माणूस पावसाच्या कामाला भरती करण्याचें ठळक उदाहरण होय. इलियटच्या जागीं १९०४ मध्यें गिल्बर्ट वॉकर आला. तो केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजांतील गणिती; हवामानशास्त्राशीं त्याचा पूर्वीं संबंध नव्हता. पण जगभरच्या दाबाच्या, तापमानाच्या व पावसाच्या नोंदी गोळा करून त्यांचे परस्परसंबंध गणितानें काढण्याचें जें काम त्यानें आरंभिलें, त्यांतून पॅसिफिक महासागर आणि हिंदी महासागर यांवरील हवेच्या दाबाचा झोंका त्याच्या हातीं लागला. त्याला त्यानें दक्षिणेकडील आंदोलन असें नांव दिलें. एल् निनोचें नांव आज खेड्यांतील चावडीवरही ऐकूं येतें. त्या शास्त्राचें एक मूळ वॉकरच्या या खटाटोपांत आहे. काम थोर होतें यांत शंका नाहीं. तथापि त्याच्या अंदाजांत सबंध द्वीपकल्प हा एकच विभाग होता. त्यांतून मंगरूळ तालुक्याला काय घ्यावयाचें, हें तालुक्यानेंच ठरवावयाचें होतें.

गांव हा अभ्यासाचा विषय होऊं शकतो, हें दाखविलें तें पुण्याच्या शेतकी कॉलेजांतील हॅरल्ड मॅन यांनीं. त्यांनीं पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गांवाची पाहणी केली व ती १९१७ सालीं प्रसिद्ध झाली. पुढें ना. वि. कानिटकर यांच्या साहाय्यानें जातेगांव बुद्रुक या कोरडवाहू गांवाची दुसरी पाहणी त्यांनीं १९२१ मध्यें पुरी केली. दोन्ही मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्रीय ग्रंथमालेंत निघाल्या. रसायनशास्त्र शिकलेला एक प्राध्यापक घरोघर जाऊन जमीन किती, देणें किती, खाणारीं तोंडें किती असें विचारतो, हें त्या काळीं अपूर्वच होतें. या पाहण्यांतून निघालेलें सत्य कडू होतें: बहुसंख्य कुटुंबांचा निर्वाह नुसत्या जमिनीवर होत नव्हता. पाऊस हें दुखण्याचें एक अंग. दुसरें अंग वाण्याच्या खातेवहींत होतें.

शेतकीवरील रॉयल कमिशनचा अहवाल १९२८ मध्यें आला, आणि १९२९ मध्यें शेतकी संशोधनाची मध्यवर्ती परिषद स्थापन झाली. तिच्या पैशावर दोन महत्त्वाचीं कामें निघालीं. १९३२ सालीं पुण्यास हवामान खात्यांत शेतकी हवामानाची शाखा उघडली व ती ल. अ. रामदास यांच्याकडे सोंपविली गेली. रामदास हे कलकत्त्यास चंद्रशेखर रामन् यांच्या हाताखालीं तयार झालेले पदार्थविज्ञानाचे संशोधक. पीक जेथें उभें असतें तेथील, म्हणजे जमिनीपासून हात-दोन हातांवरील हवा मोजली पाहिजे असा त्यांचा आग्रह होता. निरभ्र, शांत रात्रीं सर्वांत गार थर जमिनीला लागून नसून तिच्या थोडा वर असतो, हा त्यांचा शोध पुण्याच्याच निरीक्षणांतून निघाला, आणि जगाच्या शास्त्रांत तो थर त्यांच्याच नांवानें ओळखला जातो. दुसरें काम कोरडवाहू शेतीचें. सोलापूर, विजापूर, हगरी, रायचूर आणि रोहतक येथें संशोधनाचीं केंद्रें निघालीं. सोलापूरच्या कामांतून समपातळींत बांध, खोल नांगरट, विरळ पेरणी अशी जी पद्धत तयार झाली ती कानिटकरांच्या १९४४ सालच्या ग्रंथांत सांपडते.

वऱ्हाड या हालचालींच्या कडेला राहिलें. तें मध्यप्रांताला जोडलेलें होतें, आणि तेथील शेतकी शिक्षणाचें माहेरघर नागपूरचें कॉलेज होतें. शिवाय वऱ्हाड म्हणजे कापूस, हें समीकरण इतकें पक्कें झालें होतें कीं, १९२१ च्या मध्यवर्ती कापूस समितीपासून साऱ्यांचें लक्ष पऱ्हाटीच्या धाग्याच्या लांबीवर खिळलें. पऱ्हाटी लावणारा पावसाच्या खंडांत काय करतो, हें विचारावयास कोणी फारसें आलें नाहीं.

तो प्रश्न विचारला जाण्यास १९७० चें दशक उजाडावें लागलें. विदर्भाला स्वतःचें कृषि विद्यापीठ मिळावें म्हणून मोठें आंदोलन झालें, त्यांत रक्तही सांडलें, आणि २० ऑक्टोबर १९६९ रोजीं अकोल्यास पंजाबराव देशमुखांच्या नांवाचें विद्यापीठ स्थापन झालें. १९७० मध्यें अखिल भारतीय कोरडवाहू शेती संशोधन प्रकल्प निघाला व अकोल्याला त्याचें एक केंद्र मिळालें. १९७२ मध्यें हैदराबादेजवळ पाटणचेरू येथें इक्रिसॅट ही कोरडवाहू मुलुखासाठींची आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली. आणि १९७५ सालीं तिनें सहा गांवें निवडून जें काम सुरूं केलें तें या साऱ्या इतिहासांतील सर्वांत मनोवेधक प्रकरण आहे.

सहांपैकीं दोन गांवें आंध्रांतील औरेपल्ली व डोकूर, दोन सोलापूर जिल्ह्यांतील शिरापूर व कळमण, आणि दोन अकोला जिल्ह्याच्या मूर्तिजापूर तालुक्यांतील कांझरा व किनखेड. आसेगांव त्या वेळीं अकोला जिल्ह्यांतच होतें; तेंच पीक, तीच काळी जमीन. एन. एस. जोधा, हान्स बिन्स्वांगर व जेम्स रायन या अर्थशास्त्रज्ञांनीं आंखलेल्या या पाहणींत भरतीची रीतच वेगळी होती. प्रत्येक गांवीं एक अन्वेषक राहावयास गेला. तो कृषि-अर्थशास्त्र शिकलेला असावा, खेड्यांत वाढलेला असावा आणि गांवची भाषा त्याच्या तोंडीं असावी, अशी अट होती. गांवांतील ४० कुटुंबें घेतलीं: १० भूमिहीन मजुरांचीं आणि ३० लहान, मध्यम व मोठ्या शेतकऱ्यांचीं. दर तीन-चार आठवड्यांनीं तोच माणूस त्याच घरीं जाऊन विचारी कीं, काय पेरलें, कोण कामाला गेलें, काय विकलें, कोणाकडून किती उसनें आणलें. असें एक-दोन महिने नव्हे, कांहीं गांवीं दहा वर्षें चाललें. या कुटुंबांनीं किती तास आणि किती चहा खर्चिले, याचा हिशेब कोणत्याही अहवालांत नाहीं.

बिन्स्वांगर यांनीं या गांवांत केलेला एक प्रयोग ऐकण्यासारखा आहे. शेतकरी नवें बियाणें घेत नाहीं, खत टाकीत नाहीं, कारण तो स्वभावानेंच भित्रा आहे, असें पुष्कळ विद्वान् तेव्हां मानीत. बिन्स्वांगर यांनीं गांवकऱ्यांपुढें नाण्याच्या छाप्या-काट्यावर खऱ्या पैशांचा खेळ मांडला. खात्रीचे थोडे पैसे घ्यावे, कीं अधिकाची आशा धरून कमी मिळण्याचा धोका पत्करावा, हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें. डाव आठ आण्यांपासून पन्नास रुपयांपर्यंत चढत गेला, आणि पन्नास रुपये म्हणजे त्या काळीं मजुराची पुष्कळ दिवसांची मजुरी होती. डाव मोठा झाला तसे बहुतेक सगळेच सावध झाले. पण श्रीमंत व गरीब यांच्या वृत्तींत म्हणण्यासारखा फरक दिसला नाहीं. गरीब शेतकरी धोका टाळतो तो मनाच्या दुबळेपणानें नव्हे. पीक बुडालें असतां श्रीमंताला मिळतें तें कर्ज त्याला मिळत नाहीं म्हणून.

याच नोंदींवरून पुढें मार्क रोझेनझ्वाइग व ओडेड स्टार्क यांनीं १९८९ मध्यें एक गोष्ट दाखविली, जी गांवच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना सांगावी लागत नाहीं. ज्या घरांचें शेतीचें उत्पन्न अधिक हेलकावे खातें, तीं घरें मुली दूरच्या गांवीं देतात. कारण दूरच्या सोयऱ्याकडे त्याच वर्षीं तोच खंड पडण्याचा संभव कमी. सोयरीक हा पावसाचा विमाही आहे, असें वाङ्‌निश्चयाच्या बैठकींत कोणी बोलून दाखवीत नाहीं, इतकेंच! रॉबर्ट टाउनसेंड यांनीं १९९४ मध्यें औरेपल्ली, शिरापूर व कांझरा या तीन गांवांवरून दाखविलें कीं, एकट्याचें पीक बुडालें तर त्याच्या घरचें जेवण त्या मानानें फारसें घटत नाहीं, गांव त्याला सांवरून घेतें. पण तीनपैकीं एका गांवीं भूमिहीनांना हा आधार इतरांपेक्षां उणा मिळत होता. आणि सबंध गांवच बुडालें असतां गांवानें कोणाला सांवरावें? रोझेनझ्वाइग व बिन्स्वांगर यांनीं १९९३ मध्यें आणखी एक हिशेब मांडला. पाऊस जेथें अधिक बेभरंवशाचा, तेथें गरीब कुटुंबें कमी लाभाचीं पण बिनधोक साधनें पत्करतात. दुष्काळ पडला नाहीं तरी दुष्काळाच्या भीतीचा कर ती दरसाल भरीतच असतात.

आसेगांवच्या शेतकऱ्याचा तिसरा प्रश्न, पीक गेलें तर घर कशावर चालवावें, हा विद्येच्या दरबारांत असा मूर्तिजापूर तालुक्यांतील दोन गांवांच्या वाटेनें पोंचला. तरीही या थोर कामांत दोन उणिवा होत्या. एक ही कीं, अभ्यासकांनींसुद्धां अकोल्याच्या गांवांवर खात्रीच्या पावसाचा प्रदेश अशी चिठ्ठी लाविली होती. सोलापूरच्या मानानें ती बरोबरच. पण चिठ्ठी एकदां चिकटली म्हणजे कचेरींत तिलाच जमीन समजूं लागतात. दुसरी उणीव पैशाची. १९८५ च्या सुमारास ही नोंद थांबली आणि २००१ मध्यें पुनः सुरूं झाली. पावसाप्रमाणें अभ्यासालाही खंड पडला, आणि तो अगदीं नेमक्या वेळीं. याच मधल्या काळांत वऱ्हाडांत ज्वारी मागें पडली, सोयाबीन आलें, बियाण्या-औषधांचा खर्च वाढला, कापसाचा भाव कोसळला, आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची मालिका सुरूं झाली. जेव्हां घरोघरची वही सर्वांत अधिक हवी होती तेव्हां ती मिटलेली होती.

मग विद्वानांना पुनः हांक गेली, आणि या खेपेस ती न्यायालयाकडूनही गेली. मुंबई उच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून टाटा समाजविज्ञान संस्थेनें २००५ मध्यें आत्महत्यांची पाहणी केली. इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचा अहवाल २००६ च्या आरंभीं सरकारला मिळाला. त्याच वर्षीं जुलैंत पंतप्रधानांनीं विदर्भाच्या सहा जिल्ह्यांना जें साहाय्य जाहीर केलें त्यांत वाशीमचें नांव होतें. खात्रीच्या पावसाचा जिल्हा तो हाच.

पाऊस तरी पूर्वींचा राहिला होता काय? पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे भू. ना. गोस्वामी व त्यांचे सहकारी यांचा एक निबंध २००६ च्याच अखेरीस आला. १९५१ ते २००० या पन्नास वर्षांच्या नोंदी तपासून त्यांनीं सांगितलें कीं, मध्यभारतांत पावसाळ्याची एकूण सरासरी फारशी बदललेली नाहीं. मात्र अतिवृष्टीचे प्रसंग वाढले आहेत आणि मध्यम पावसाचे दिवस घटले आहेत. त्यांच्या मध्यभारताच्या चौकटींत वाशीमही येतें. सरासरीवर विसंबून काढलेली सव्वाशें वर्षांची निश्चिंती या एका निबंधानें डळमळीत झाली. कारण जो मध्यम पाऊस जमिनींत मुरतो आणि पिकाला पोसतो, तोच घटत होता.

यानंतरची भरती अभियंत्यांची आहे. मुंबईच्या आय. आय. टी.मध्यें १९८५ पासून ग्रामीण तंत्रज्ञानाचें केंद्र काम करीत होतें. २०१६ सालीं राज्यानें उन्नत महाराष्ट्र अभियान काढून अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनीं आपल्या जिल्ह्यांतील पाण्याचे, रस्त्यांचे, शेतीचे प्रश्न अभ्यासाचा विषय म्हणून घ्यावे अशी योजना केली. २०१८ मध्यें जागतिक बँकेच्या ४२ कोटि डॉलरांच्या कर्जावर नानाजी देशमुख कृषि संजीवनी प्रकल्प सुरूं झाला. हवामानाच्या फेऱ्यांत टिकेल अशी शेती उभी करणें हा त्याचा उद्देश. मराठवाडा, विदर्भ व जळगांव यांतील सुमारें पांच हजार गांवें त्यांत घेतलीं, आणि वाशीम जिल्हाही त्यांत आला. गांवाच्या पाण्याचा ताळेबंद काढण्याचें गणित आय. आय. टी.कडे सोंपविलें गेलें.

या गणिताची मांडणी पाहिली म्हणजे वॉकरच्या काळापासून शास्त्र किती खालीं, मातीच्या जवळ उतरलें आहे तें ध्यानांत येतें. येथें हंगामाची बेरीज घेत नाहींत. रोजचा पाऊस घेतात. त्यांतून वाहून किती गेला, मुळांशीं किती राहिला, पिकानें किती ओढला आणि खालीं विहिरीच्या झऱ्यांकडे किती उतरला, हें दिवसाच्या दिवसास मांडतात. माती किती खोल, उतार किती आणि पीक कोणतें, यांवर उत्तर बदलतें. खंडाच्या कोणत्या आठवड्यांत सोयाबीनला किती पाणी कमी पडलें, हें त्यामुळें सांगतां येतें. आणि गांवच्या नाल्यावर आणखी एक बंधारा बांधण्यांत अर्थ आहे कीं वरचा बंधारा खालच्याचेंच पाणी अडवील, हेंही. रुंद वरंब्यावर पेरणी करून झडीचें पाणी सरींतून काढावयाचें व खंडांत ओल राखावयाची, ही रीत इक्रिसॅटनें काळ्या जमिनीसाठीं १९७० च्या दशकांतच वापरून पाहिली होती. सोयाबीनवाल्यांच्या वावरांत ती मोठ्या प्रमाणावर येण्यास चाळीस वर्षें लागलीं. शास्त्राला इतका वेळ लागावा हें शोभण्याजोगें नाहीं.

या नव्या भरतींतही जुनी अडचण शिल्लक आहे. विद्यार्थ्याचा प्रकल्प एक-दोन सत्रांत आटोपतो, सरकारी प्रकल्प कर्जाच्या मुदतीबरोबर संपतो, आणि गांवाला तर प्रत्येक पावसाळा काढावाच लागतो. कांझऱ्याला राहावयास गेलेल्या अन्वेषकाला कोणत्या घरचा बैल कोणत्या सालीं विकला गेला हें ठाऊक असे. यंत्रावर ताळेबंद काढणाऱ्याला तें ठाऊक असण्याचें कारण उरलेलें नाहीं. त्याच्यापुढें जमिनीच्या खोलीचा नकाशा असतो, आणि त्या नकाशावर एका वावराचा रंग बहुधा एकच असतो. प्रत्यक्षांत धुऱ्यापासून वीस पावलांवर मुरूम वर आलेला असतो. तो नेमका कोठें वर आला आहे हें वखर चालविणाऱ्याला विचारल्यावांचून त्या गणितांत शिरत नाहीं, आणि विचारावयाचें तर मृगाच्या आधीं, वखरणी चालूं असतां, बांधावर जाऊन उभें राहावें लागतें.